जुन्या मोटारसायकलसाठी इंजिन ऑईलची निवड व मिश्रण

ग्रामीण भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेचे दूध संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीपाला बाजारात नेणे, खताची गोणी शिवारात आणणे, प्रसंगी आजारी माणसास दवाखान्यात नेणे ही सर्व कामे तिच्यावर अवलंबून असतात. ४० लिटरचे दोन कॅन लावले म्हणजे केवळ दुधाचेच ओझे ८२ किलोच्या वर जाते. अशा कामास लावलेल्या गाड्या बहुधा जुन्या असतात. १९९४ साली बाजारात आलेल्या स्प्लेंडरच्या सुरुवातीच्या गाड्या, १९८५ ते १९९६ या काळातील आरएक्स १००, १९९६ पर्यंत मैसूर येथे तयार झालेली येझ्दी, राजदूत, लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट अशा अनेक गाड्या आजही गावोगावी धावताना दिसतात.

या गाड्या बंद पडण्याची जी कारणे आढळतात, त्यांत अयोग्य तेल, अपुरे तेल आणि तेलांचे चुकीचे मिश्रण ही तीन टाळता येण्याजोगी आहेत. टू-स्ट्रोक गाडीचे वंगण संपले तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो व धावत्या गाडीचे मागील चाक एकाएकी जाम होते. त्या वेळी प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही, तो स्वाराच्या जिवाचा होतो. यास्तव तेलाची निवड व मिश्रण यांसंबंधी प्रत्येक गाडीमालकास माहिती असणे आवश्यक आहे.

१. तेलाची कामे

तेल धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करते, एवढेच आपण सामान्यतः जाणतो. याशिवाय ते उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा कीस आपल्यात धरून ठेवते, गंज रोखते आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटी भरून काढून दाब टिकविण्यास मदत करते. म्हणून तेल काळे पडले याचा अर्थ ते वाईट होते असा नव्हे. इंजिनातील घाण ते उचलीत आहे असा होतो. मात्र घाण उचलण्याची त्याची शक्ती मर्यादित असते. ती संपल्यावर तेच तेल घाण सोडू लागते.

मोटारसायकलच्या तेलावर मोटारीच्या तेलापेक्षा अधिक जबाबदारी असते. मोटारीत क्लच कोरडा असतो व गिअरपेटीचे तेल निराळे असते. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, क्लच प्लेटा व गिअर ही तिन्ही एकाच तेलात काम करतात. पुढील निवडीचे बहुतेक नियम या एका गोष्टीवर आधारलेले आहेत.

२. प्रथम इंजिनाचा प्रकार ओळखावा

तेल विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीत तेलाचे कप्पे किती आहेत हे पाहावे.

(अ) स्प्लेंडर व तत्सम फोर-स्ट्रोक गाड्या : एकच कप्पा. इंजिन, क्लच व गिअर यांना एकच तेल. १०० सी.सी.च्या गाड्यांत ते सुमारे एक लिटर मावते. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

(आ) जुनी लोखंडी बुलेट : इंजिनाचे तेल निराळे, क्लचच्या पेटीचे निराळे, गिअरपेटीचे वंगण निराळे. एकात घातलेले तेल दुसऱ्यात जात नाही, म्हणून तिन्ही ठिकाणी स्वतंत्र लक्ष द्यावे लागते.

(इ) टू-स्ट्रोक गाड्या : येथे इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जाते व जळून संपते. राजदूत, येझ्दी यांसारख्या गाड्यांत ते पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. आरएक्स १०० मध्ये त्याची टाकी वेगळी असून लहान पंप ते इंजिनास पुरवितो. या गाड्यांच्या गिअरपेटीतही तेल असते हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. "टू-स्ट्रोकला ऑईल बदलावे लागत नाही" हा समज चुकीचा आहे. गिअरपेटीचे तेल पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदललेच पाहिजे.

३. डब्यावरील खुणांचा अर्थ

डब्यावर तीन प्रकारच्या खुणा असतात.

पहिली खूण दाटपणाची. १० डब्ल्यू-३०, २० डब्ल्यू-४०, २० डब्ल्यू-५० असे ती लिहितात. 'डब्ल्यू'पूर्वीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सियस तापमानास ३० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० क्रमांकाचा १२.५ ते १६.३ आणि ५० क्रमांकाचा १६.३ ते २१.९ असा असतो. आपल्याकडे निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याची थंडी पडते. परंतु '२० डब्ल्यू' तेलाची थंडीतील कसोटी उणे १५ अंशांवर घेतली जाते. म्हणून महाराष्ट्रात केवळ थंडीच्या भीतीने तेल बदलण्याचे कारण नाही. आपली खरी परीक्षा विदर्भ-मराठवाड्यातील ४५ अंशांच्या उन्हात, ओझे लादून, कमी वेगाने गाडी चालविताना होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला अशा वेळी पुरेसा वारा मिळत नाही.

दुसरी खूण गुणवत्तेची. 'एपीआय' या अक्षरांपुढे 'एस'ने सुरू होणारी जोडी पेट्रोल इंजिनाची व 'सी'ने सुरू होणारी डिझेल इंजिनाची समजावी. 'एसजे', 'एसएल', 'एसएम', 'एसएन' अशा क्रमाने पुढचे अक्षर अलीकडच्या कसोटीचे असते.

तिसरी खूण 'जासो' ही होय. मोटारसायकलसाठी ती सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तेलात बुडालेला क्लच असलेल्या फोर-स्ट्रोक गाडीस 'जासो एमए' किंवा 'एमए२' हेच तेल वापरावे. 'एमबी' हे तेल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी आहे. इंधन वाचविणाऱ्या मोटारीच्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीस ती हितकारक असली तरी मोटारसायकलच्या क्लच प्लेटांना घर्षणच हवे असते. असे तेल घातल्यास क्लच घसरू लागतो, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, आणि शेवटी प्लेटा जळतात. महाग तेल म्हणजे आपल्या गाडीस चांगले तेल, असे समीकरण म्हणूनच करू नये.

ट्रॅक्टरचे १५ डब्ल्यू-४० तेल घरात शिल्लक असते म्हणून ते मोटारसायकलमध्ये घालण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. त्याचा दाटपणा जवळचा असला तरी, डब्यावर 'जासो एमए' नसल्यास मोटारसायकलच्या क्लचसाठी त्याची कसोटी झाली आहे असे मानता येत नाही. ट्रॅक्टरच्या गिअरपेटीचे व हायड्रॉलिकचे तेल तर मोटारसायकलच्या इंजिनात मुळीच घालू नये.

४. जुन्या इंजिनास किती दाट तेल द्यावे

गाडी जुनी झाली की दाट तेल घालावे, हा सल्ला सरसकट दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

पुस्तिकेत १० डब्ल्यू-३० सांगितले असेल, इंजिन पुष्कळ धावलेले असेल व तेल थोडे थोडे जळत असेल, तर पुस्तिकेने परवानगी दिलेल्या मर्यादेत एक पायरी वर, म्हणजे २० डब्ल्यू-४० कडे जाणे योग्य ठरते. तापल्यावर ते अधिक जाड थर धरते व रिंगांजवळून कमी निसटते. परंतु एकदम दोन पायऱ्या वर जाऊ नये. लहान इंजिनातील तेलाच्या वाटा अरुंद असतात. सकाळी गाडी सुरू करताच दाट तेल वरच्या भागात उशिरा पोहोचते आणि तेवढा वेळ ते भाग कोरडे घासतात. झीज थांबविण्यासाठी घातलेले तेलच अशा रीतीने झीज वाढविते. ज्या गाडीस कंपनीने मुळातच २० डब्ल्यू-५० सांगितले आहे, तिला मात्र तेच द्यावे.

तेल जळण्याचे कारणही पाहावे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना निळा धूर क्षणभर निघून थांबत असेल, तर व्हॉल्व्हची सील कडक झाली असण्याचा संभव असतो. गाडी ओढत असताना सतत निळा धूर निघत असेल, तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. या दुसऱ्या दोषावर कोणतेही तेल हा उपाय नव्हे. दाट तेलाने धूर काही दिवस कमी दिसेल, दोष मात्र वाढत राहील.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २० डब्ल्यू-५० सारख्या तेलाचा तापल्यानंतरचा दाटपणा त्यातील लांब साखळीच्या रसायनांमुळे टिकतो. गिअरचे दाते या साखळ्या तोडतात. त्यामुळे काही हजार किलोमीटरनंतर तेच तेल पातळ होते. गिअर अडखळत पडू लागणे हे पुष्कळदा त्याचे लक्षण असते.

५. फोर-स्ट्रोक गाडीत दोन तेले मिसळावीत काय ?

या प्रश्नाचे उत्तर असे की, अडचणीत भर घालण्यास हरकत नाही. परंतु मिश्रणाची सवय लावू नये.

तेल कमी असलेले इंजिन चालविण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचे योग्य जातीचे तेल भरून चालविणे केव्हाही श्रेयस्कर. एपीआयच्या आधुनिक कसोट्यांत, तेल इतर तेलांत मिसळून एकजीव राहते की नाही हेही पाहिले जाते. साधे खनिज तेल व सिंथेटिक तेल हीदेखील एकमेकांत मिसळतात. मात्र पुढील नियम पाळावेत.

(१) दोन्ही तेले 'जासो एमए' किंवा 'एमए२' असावीत. एक लिटरच्या इंजिनात पाव लिटर मोटारीचे तेल गेले तरी क्लच घसरण्याचा धोका निर्माण होतो.

(२) दाटपणा तोच किंवा लगतचा असावा.

(३) मिश्रणाची योग्यता त्यातील कमी प्रतीच्या तेलाची धरावी. महाग सिंथेटिक तेलात साधे तेल घातले, तर तेल बदलण्याचे अंतर साध्या तेलाचेच मानावे.

(४) अशी भर घातल्यावर पुढील बदल नेहमीपेक्षा लवकर करावा.

३० व ५० क्रमांकांची तेले समभाग मिसळून घरच्या घरी ४० क्रमांकाचे तेल करण्याचा प्रयत्न काही मेकॅनिक करतात. मिश्रणाचा दाटपणा साध्या सरासरीने येत नाही, तो पातळ तेलाकडे झुकतो. १० व २० सेंटिस्टोक्सची तेले समभाग घेतली तर १५ येत नाहीत, सुमारे १४ येतात. हा फरक लहान वाटला तरी प्रश्न केवळ दाटपणाचा नाही. प्रत्येक कंपनी धुणारी, झीज रोखणारी व फेस मोडणारी द्रव्ये ठराविक प्रमाणात घालते. दोन तेले मिसळली की ते प्रमाण बिघडते व तयार होणाऱ्या मिश्रणाची कसोटी कोणीच घेतलेली नसते. ४० क्रमांकाचे तेल बाजारात मिळत असता हा खटाटोप करण्याचे प्रयोजन नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तेलात टू-स्ट्रोकचे तेल, गिअरपेटीचे ९० क्रमांकाचे तेल, एकदा काढलेले काळे तेल किंवा कोणतेही खाद्यतेल मिसळू नये. एरंडेल हे एके काळी शर्यतीच्या इंजिनांत वापरीत असत. परंतु खनिज तेलाशी ते नीट एकजीव होत नाही. म्हणून तेही टाळावे.

६. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोल व तेल यांचे मिश्रण

येथे मिश्रण करणे हेच योग्य असते, आणि म्हणून मापाला महत्त्व येते. 'जासो एफसी' किंवा 'एफडी' खूण असलेले टू-स्ट्रोकचे तेल घ्यावे. ते कमी धूर व कमी काजळी करून जळावे अशा रीतीने बनविलेले असते. फोर-स्ट्रोकच्या तेलातील धातुयुक्त द्रव्ये जळून राख होते व ती प्लगवर व पिस्टनच्या माथ्यावर साचते.

प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. एक लिटर पेट्रोलला लागणारे तेल असे :

१ : २० प्रमाणास ५० मि.ली.
१ : २५ प्रमाणास ४० मि.ली.
१ : ३२ प्रमाणास ३१ मि.ली.
१ : ४० प्रमाणास २५ मि.ली.
१ : ५० प्रमाणास २० मि.ली.

उदाहरणार्थ, प्रमाण १ : २५ आहे, टाकीत ३ लिटर मिश्रण शिल्लक आहे व ४ लिटर पेट्रोल भरावयाचे आहे. शिल्लक मिश्रणात तेल आहेच, म्हणून तेल फक्त नव्या ४ लिटरांसाठी, म्हणजे १६० मि.ली. घ्यावे. अंदाजाने बाटलीतून धार सोडू नये. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण स्वच्छ व कोरडे करून वापरावे, किंवा मोठी सिरिंज ठेवावी.

शक्य तेव्हा प्रथम पेट्रोलसाठी योग्य अशा धातूच्या स्वच्छ डब्यात थोडे पेट्रोल व सर्व तेल घेऊन हलवावे, नंतर ते टाकीत ओतून उरलेले पेट्रोल भरावे. टाकीत तेल थेट ओतावे लागल्यास आधी पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि भरल्यावर गाडी बाजूंना चांगली हलवावी. तसे न केल्यास जड तेल तळाशी राहून प्रथम कार्ब्युरेटरमध्ये उतरते व प्लग ओला होतो.

तेल जास्त घातले तर अधिक संरक्षण मिळते, हा समजही बरोबर नाही. धूर व काजळी तर वाढतेच. शिवाय तेवढ्याच मिश्रणात पेट्रोलचा अंश घटतो. तेल कमी घालणे मात्र सर्वांत घातक. चालत्या गाडीची शक्ती एकाएकी घटली व इंजिनातून कर्कश आवाज येऊ लागला, तर तत्काळ क्लच दाबावा, ॲक्सिलरेटर सोडावा व गाडी कडेला घ्यावी. गार होण्यापूर्वी किक मारू नये.

तेलाची टाकी स्वतंत्र असलेल्या गाडीत पंप सुस्थितीत असता पेट्रोलमध्ये पुन्हा तेल घालण्याची गरज नाही. मात्र ती टाकी रिकामी होऊ देणे म्हणजे तेलाशिवाय गाडी चालविणे होय.

७. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसंबंधी खबरदारी

२०२५ सालापर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी शिरले तर इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पेट्रोल व त्यात मिसळलेले तेल वर राहते. कॉक तळाशी असल्याने टू-स्ट्रोक इंजिनाकडे प्रथम जवळजवळ वंगणरहित थर जातो. म्हणून पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे, मिश्रण आठ-पंधरा दिवसांत संपेल इतकेच करावे व गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्ब्युरेटर रिकामा करावा. जुन्या रबरी नळ्या फुगलेल्या वा तडकलेल्या दिसल्यास बदलाव्यात.

८. तपासणी व बदल

तेलाची पातळी दर आठवड्यास पाहावी. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, आणखी दोन-तीन मिनिटे थांबून काडी पुसून पाहावी. अनेक गाड्यांत काडी आट्यांत न फिरविता नुसती टेकवून पातळी पाहावयाची असते. आपल्या पुस्तिकेत काय सांगितले आहे ते पाहावे.

समजा, एक लिटर तेलाच्या इंजिनात दर १,००० किलोमीटरला २०० मि.ली. तेल जळते. भर न घालता ३,००० किलोमीटर चालविल्यास ६०० मि.ली. तेल संपते व उरलेल्या ४०० मि.ली.वर सर्व भार पडतो. गाडी पाडणारे कारण बहुधा हेच असते. तेलाच्या कंपनीचे नाव नव्हे. भर किती घातली याची नोंद वहीत ठेवावी. भर वाढत चालली की दुरुस्तीची वेळ जवळ आली असे ओळखावे.

जुन्या, ओझे वाहणाऱ्या व धुळीच्या रस्त्यावरील गाडीचे साधे तेल २,००० ते ३,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलणे सावधपणाचे ठरेल. पुस्तिकेत त्याहून कमी अंतर असल्यास ते पाळावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, पेट्रोलचा वास येत असल्यास पेट्रोल उतरले आहे असे समजून लगेच बदलावे व कारण शोधावे. एअर फिल्टर स्वच्छ नसेल तर शेतरस्त्याची धूळ इंजिनात जाते आणि उत्तम तेलही कुचकामी ठरते.

डबा विकत घेताना सील, उत्पादनाची तारीख पाहून पावती घ्यावी. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्यास भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट तेल भरून पुन्हा विकले जाणार नाही.

९. ग्राम कार्यकर्त्यांसाठी दोन प्रात्यक्षिके

गावातील बैठकीत पुढील प्रात्यक्षिके सहज दाखविता येतात.

एक : टिपकागदावर नव्या व वापरलेल्या तेलाचा एकेक थेंब टाकून काही तास ठेवावा. वापरलेल्या तेलाचा डाग मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेला, तर तेल अद्याप काजळी धरून आहे. मध्ये गडद काळा ठिपका व भोवती स्पष्ट कडा दिसल्यास तेलाची शक्ती संपली आहे असे समजावे.

दोन : हजर असलेल्यांना बाटलीतून अंदाजाने ४० मि.ली. तेल पेल्यात ओतण्यास सांगावे व नंतर सिरिंजने मोजावे. अंदाज व माप यांतील अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येईल. दहा वेळा सांगून पटत नाही ते यामुळे पटते.

१०. काढलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते विहिरीजवळ, ओढ्यात वा बांधावर ओतू नये. जनावरांच्या जखमांवर किंवा गोचिडांसाठी लावण्याची चाल सोडून द्यावी. त्यातील द्रव्ये कातडीस अपायकारक असतात. हातास लागल्यास साबणाने धुवावे. झाकणाच्या डब्यात साठवून, वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठविणाऱ्या गॅरेजकडे ते द्यावे.

सारांश, प्रथम इंजिनाचा प्रकार व कप्पे, मग 'जासो'ची खूण, मग दाटपणा, आणि किंमत सर्वांत शेवटी, या क्रमाने तेल निवडावे. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण केवळ अडचणीपुरते करावे, टू-स्ट्रोकमध्ये ते मोजूनच करावे, आणि दर आठवड्यास पातळी पाहण्यास चुकू नये. एक लिटर तेल व आठवड्यातील पाच मिनिटे एवढाच हा खर्च आहे. ऐन हंगामात दुधाचे कॅन लावलेली गाडी वाटेत उभी राहण्यापेक्षा तो निश्चितच थोडा आहे.